पोळ्याचा बाजार भिजतो तेव्हा



या सदरात एरवी खते, बियाणे, फवारण्या, दुभती जनावरे असले विषय असतात. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तुमच्या पडवीतलाच आहे. श्रावण लागला की कित्येक घरांत मातीचे बैल वाळत घातलेले दिसतात. म्हातारे आजोबा अंबाडीचा कासरा वळीत बसतात, सासूबाई सुताचे गोंडे बांधतात, सुना म्होरक्या आणि माथोट्या गुंफतात. औताची कामे थोडी उसंत देतात, तेवढ्यात हा माल तयार होतो. तो विकायला मिळतात फार तर दोन बाजार. पोळ्याच्या आधीचा शेवटचा बाजार हाच खरा. आणि तो नेमका पावसात सापडतो.

तिथी कोणतीही धरा, सुटका नाही. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, नाशिक, अहिल्यानगर इकडे श्रावण अमावास्येला पोळा. पुणे जिल्ह्याच्या काही भागांत तो भाद्रपद अमावास्येला. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे आषाढात बेंदूर. तिन्ही पावसाळ्यातच येतात. तेव्हा पाऊस येईल की नाही, हा प्रश्न सोडून द्यावा आणि पाऊस येणारच असे धरून तयारी करावी, हे बरे. पेरणीला आपण पावसाची वाट पाहतो आणि बाजाराला तो टळावा म्हणतो. त्याने ऐकायचे तरी कोणाचे!

आधी अंदाजाचे बोलू. हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज पाच दिवस आधीपासून मिळतो. त्यातले रंग तुम्हाला आता ठाऊक झाले आहेत : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. पण रंगाच्या शेजारी जे शब्द असतात ते बहुतेक जण वाचीत नाहीत, आणि विक्रेत्याच्या कामाचे ते शब्दच आहेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या शंभर केंद्रांपैकी पंचवीस किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नासपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पंचाहत्तरपर्यंत आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याच्याही वर. तुरळक म्हटले असेल तर सगळा माल घेऊन जा, फक्त झाकायची सोय ठेवा. बहुतांश म्हटले असेल तर मातीचा माल निम्माच न्या आणि दोरकामावर भर द्या.

दुसरी गोष्ट. अंदाजात ‘मुसळधार’ हा शब्द नाही म्हणून निश्चिंत राहू नका. खात्याच्या हिशेबी २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक पडला तर तो मुसळधार. तुमच्या तुरीला, कपाशीला पाच मिलिमीटर पाऊस म्हणजे काहीच नव्हे. पण उघड्यावर मांडलेल्या मातीच्या बैलाचे शिंग गळून पडायला तेवढा पुष्कळ झाला. पिकाचा पाऊस वेगळा आणि दुकानाचा पाऊस वेगळा. बाजाराच्या दिवशी सकाळी तीन तासांचा तातडीचा अंदाजही पाहावा. घरातल्या शाळकरी पोराला सांगितले तर तो मोबाइलवर काढून देतो. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला तर पाहताच, त्यातच बाजाराचाही विचार करावा.

आता मातीकडे येऊ. हा माझ्या आवडीचा भाग आहे, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

न भाजलेला बैल पाण्यात का विरतो? तुमच्या रानात याचे उत्तर आहे. उन्हाळ्यात तापलेले, खणखणीत वाळलेले ढेकूळ पहिल्या वळवाच्या पाण्यात फसकन फुटते. कोरड्या मातीच्या बारीक छिद्रांत पाणी जोराने शिरते, आतली हवा कोंडते आणि ती मातीला आतून फोडते. तेच ढेकूळ ओलसर असेल तर नुसते बुळबुळीत होते, फुटत नाही. बैलाचेही तसेच आहे. म्हणजे जो बैल तुम्ही नीट वाळवला, तोच पाण्यात सर्वांत लवकर जातो. ओला बैल टिकेल असे मात्र समजू नका. तो वजनाने वाकतो, त्याचा रंग सुटतो, पाय बसतात. म्हणून वाळवायचा पुरता, आणि पाण्यापासून राखायचाही पुरता. यात मधला मार्ग नाही.

वाळवण्याबद्दल सांगतो. चैत्रात दोन-तीन दिवसांत जो बैल वाळेल त्याला श्रावणाच्या दमट हवेत सहज आठवडा लागतो. पाय आणि शिंगे आधी वाळतात, पोट मागे राहते. वरून पांढरट दिसतो आणि आत ओल असते. ओळखायची सोपी खूण आहे : बैलाचे पोट आपल्या गालाला लावून पाहावे. गार लागले तर आत अजून पाणी आहे. अशा बैलावर गेरू किंवा चुना दिला तर बाजारात पोहोचेपर्यंत रंगाचे पापुद्रे निघतात. चुलीच्या अगदी तोंडाशी ठेवून घाई करू नये, एका बाजूने ओल जाते आणि तडा पडतो. चुलीच्या वरच्या फळीवर, राखेच्या किंवा वाळूच्या थरावर ठेवावेत, आणि रोज कूस बदलावी.

निव्वळ काळी माती घेऊ नका. ती पाण्याने फुगते आणि वाळताना भेगाळते, हे तुमच्या शेताच्या भेगांनी तुम्हाला शिकवलेच आहे. तळ्याचा गाळ चाळून घ्यावा, त्यात थोडी राख मिसळावी आणि कापसाचे पिंजलेले तंतू घालून मळावे. कापसाने शिंगे आणि शेपटी धरून राहतात. काही जण वरून तेलरंगाचा जाड हात देतात. त्याने चार शिंतोडे सोसतात खरे, पण पूजेनंतर ज्यांच्या घरी बैल पाण्यात सोडायची रीत आहे त्यांना असला बैल नको असतो. मलाही ते पटत नाही.

भाजलेला बैल मात्र पावसाला भीत नाही. साधारण सहाशे अंशांच्या वर माती तापली की तिचा गुणच पालटतो, मग ती पुन्हा चिखल होत नाही. अडचण अशी की श्रावणात आवा लावता येत नाही. सरपण ओले, जमीन ओली, आणि बैलाच्या पोटात ओल राहिली असेल तर वाफेने तो आव्यातच फुटतो. भाजका माल करायचा असेल तर तो वैशाखातच भाजून माळ्यावर ठेवायला हवा, आणि तेही लवकर. २०२५ साली मोसमी पाऊस मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच महाराष्ट्रात येऊन धडकला, हे आठवत असेल. ज्यांच्या घरी कुंभारकाम हाच धंदा आहे त्यांनी २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेची चौकशी ग्रामपंचायतीत जरूर करावी. त्यातल्या अठरा व्यवसायांत कुंभार, मूर्तिकार, टोपल्या-चटया-केरसुण्या करणारे आणि खेळणी करणारे येतात.

दोरकामाला पाऊस इतका मारक नाही, पण भोळेपणा तिथेही नको. अंबाडीचा, सुताचा दोर भिजला की फुगतो आणि आखडतो. म्हणून भिजलेला कासरा गुंडाळून ठेवू नये. दोन दिवसांत काळे ठिपके धरतात, कुबट वास येतो आणि दोर आतून सडतो. सैल टांगून वारा लागू द्यावा. गोंड्यांचा घात पाण्यापेक्षा कच्चा रंग करतो. लाल सूत आणि पांढरे सूत एकत्र गुंफण्याआधी लाल सुतावर ओले पांढरे फडके घासून पाहावे. फडके रंगले तर ते सूत पोळ्यासाठी नव्हे. पावसात बैलाच्या कपाळावरून लाल ओघळ आले तर धनी तुमचे नाव वर्षभर काढील.

खताच्या रिकाम्या पोत्यांविषयी एक शब्द. माल झाकायला ती हाताशी असतात, म्हणून सर्रास वापरतात. युरियाचे कण हवेतली ओल ओढून घेतात. पोत्याच्या शिवणीत मूठभर युरिया राहिला असला तरी आतला माल कोरड्या दिवशीही दमट होतो. पोते उलटे करून दोन पाण्यांत धुवावे, कडकडीत वाळवावे, मगच वापरावे. औषधाच्या खोक्यांना तर हातच लावू नये. ती बैल लहान लेकरांच्या हातात जाणार आहेत.

बाजारातली जागा निवडताना आपण रस्त्याच्या तोंडाशी असण्याचा हट्ट धरतो. कोरड्या दिवशी ते बरोबर आहे. पावसाच्या दिवशी पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते आधी पाहा. शेतात पाणी साचू नये म्हणून चर काढता ना, तसाच वीतभर चर दुकानाच्या वरच्या अंगाला काढला तर खालून येणारी ओल थांबते. माल जमिनीवर कधीच मांडू नका. टोमॅटोची दोन-चार क्रेट पालथी घालून वर फळी टाकली की झाले. झाडाखालची जागा मोहक दिसते, पण पाऊस थांबल्यावरही झाड अर्धा तास ठिबकत राहते. विजांचा धोका श्रावणात त्या मानाने कमी, पण परतीच्या पावसात, म्हणजे भाद्रपदी पोळा आणि दिवाळीच्या बाजारात, तो खरा असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात आकडे मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तिसाच्या आत गडगडाट आला तर दुकान तसेच टाकून पक्क्या इमारतीत जा. माल पुन्हा करता येतो.

ताडपत्री बांधताना बहुतेक जण चार कोपरे चार काठ्यांना सारख्या उंचीवर बांधतात. याचा हिशेब करून दाखवतो. दहा बाय बारा फुटांची ताडपत्री म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वीस मिलिमीटरची एक सर आली आणि पाणी वरच साचले तर सव्वादोनशे लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे दोन क्विंटलहून अधिक वजन, तुमच्या डोक्यावर आणि बैलांवर टांगलेले राहील. काठी मोडायला अजून काय हवे? मधोमध आढे घाला, किंवा मागची बाजू हातभर खाली ठेवा. पावसाळी वारा आपल्याकडे बहुधा पश्चिमेकडून येतो, तेव्हा पाठ पश्चिमेला आणि मागे पडदा जमिनीपर्यंत. ताडपत्री सुती दोराने बांधली तर भिजल्यावर तो आखडून कडी फाडतो. थोडी ढील ठेवावी.

जालन्याकडच्या एका आठवडी बाजारात काही वर्षांपूर्वी एक म्हातारी बाई पाहिली होती, तिची मांडणी मला फार आवडली. तिने एका परातीत फक्त दोन जोड्या मांडल्या होत्या, एक मोठी, एक लहान. बाकी सगळा माल पाठीमागे पत्र्याच्या पेटीत, भाताच्या पेंढ्यात. गिऱ्हाईक आले की ती पेटी उघडी, जोडी काढी आणि पुन्हा झाकण लावी. सर आली की परात उचलून मांडीवर घेई. तिच्या दोन्ही बाजूंना लोक ताडपत्र्या ओढीत धावत होते आणि ही बाई सुपारी कातरीत बसलेली! शंभर मांडून पन्नास गमावण्यापेक्षा दोन मांडून सगळे राखावेत, हे तिला कोणी शिकवले नव्हते.

पावसातले गिऱ्हाईक कसे असते तेही लक्षात घ्या. ते दोन सरींच्या मधल्या उघडिपीत येते, घाईत असते, आणि त्याच्या एका हातात छत्री असते. त्याला घासाघीस करायला सवड नसते आणि निवडायला दुसरा हात नसतो. म्हणून भाव मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. एक जोडी, दोन गोंडे, एक म्होरकी असा संच आधीच बांधून ठेवा. पातळ प्लॅस्टिक पिशव्यांना राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि कागदी पिशवी पावसात फाटते. जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून न्याव्यात. घरातल्या मुली एका दुपारी पन्नास शिवतात. त्या पिशवीमुळे पुढल्या वर्षी गिऱ्हाईक तुम्हाला ओळखते, हा वरचा फायदा.

पैसे आता पुष्कळ जण मोबाइलवरून देतात. चौकोनी छापील खूण पाण्यात भिजली की मोबाइल ती वाचीत नाही, तेव्हा ती प्लॅस्टिकात बंद करून घ्यावी. वादळी हवेत टॉवर बंद पडतो, म्हणून सुटे पैसे जवळ हवेतच. आणि समोरच्याने दाखवलेल्या चित्रावर विसंबू नका. पैसे आल्याचे आपल्या मोबाइलवर दिसले किंवा ऐकू आले, मगच पिशवी हातात द्यावी. पावसाच्या गडबडीचा फायदा घेणारे कमी नाहीत.

भाव उतरवावा की नाही? याबद्दल घराघरांत वाद होतात. समजा, तुम्ही साठ जोड्या नेल्या. जोडीला माती, रंग, सरपण मिळून बारा रुपये पडले, भाडे आणि जागेची पावती मिळून तीनशे रुपये. भाव पन्नास. दुपारपर्यंत पंचवीस गेल्या, साडेबाराशे आले. चार वाजता झड लागली आणि पस्तीस जोड्या शिल्लक. हा शेवटचा बाजार असेल तर तीस रुपयांना द्या. माती-रंगाचे, भाड्याचे पैसे केव्हाच खर्च झाले आहेत, आता येईल तो रुपया येणाराच आहे. वीस जोड्या गेल्या तरी सहाशे रुपये. पोळा झाल्यावर त्या जोडीला कोणी दोन रुपयेही देणार नाही. पण कासरे, म्होरक्या, गोंडे यांचा भाव एक रुपयाही उतरवू नका. ते वर्षभर टिकतात आणि रब्बीच्या औतालाही लागतात. आणि आधीच्या बाजारी, पाऊस असला तरी, मातीचाही भाव मोडू नका. एकदा का लोकांना कळले की झड आली की ही बाई निम्म्यात देते, की ते छत्र्या घेऊन तुमच्या पलीकडे उभे राहून वाट पाहतात.

खरे तर सगळा माल शेवटच्या बाजारावर ठेवणे हेच धोक्याचे. आपण सगळे रान एकाच पिकाखाली ठेवत नाही. निम्मा माल आठवडाभर आधीच्या बाजारात काढावा. ठरलेल्या गिऱ्हाइकांच्या मागण्या फोनवर घेऊन माल घरपोच द्यावा. आता बैल कमी आणि ट्रॅक्टर जास्त झाले, तरी दावणीला बैल नसलेल्या घरांनाही पूजेला मातीची जोडी लागतेच, शहरात गेलेल्यांनाही लागते.

आता थोडे कटू. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ प्रमाणे आठवडी बाजारावर फी घेण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे, आणि ती घेतलीही जाते. पावती फाडणारा माणूस भर पावसात न चुकता येतो. पण कित्येक बाजारांत ओटा नाही, निचरा नाही, आणि बायांसाठी मुतारी नाही. दिवसभर भिजत बसलेल्या बाया पाणी पीत नाहीत, कारण जायचे कुठे? पुढे त्यांना लघवीची जळजळ होते आणि दवाखान्यात तेवढेच पैसे जातात जेवढे बाजारात आले. हे ग्रामसभेत मांडायला हवे, आणि पावत्या जपून ठेवून मांडायला हवे. वर्षाला या बाजारातून इतकी फी जमा झाली, त्यातून बाजारतळावर काय केले, एवढाच प्रश्न विचारा. तो विचारायला बचत गटातल्या दहा बाया एकत्र गेल्या तर उत्तर लवकर मिळते.

पीक बुडाले की पंचनामा होतो. विरघळलेल्या बैलांचा पंचनामा करायला कोणी येत नाही. तरी एक माहीत असू द्या. अतिवृष्टी किंवा पुरात घरातला तयार माल, अवजारे गेली, तर आपत्ती निधीच्या निकषांत हस्तकारागिरांच्या नुकसानीलाही जागा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापुरात जे पूर आले, तसल्या वेळी शेताच्या नुकसानीबरोबर याचीही नोंद तलाठ्याकडे आग्रहाने करून घ्यावी. माल भिजल्याबरोबर मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत. बाजारातल्या एका सरीला मात्र हे लागू नाही, ती आपली आपणच सोसायची.

संध्याकाळी घरी आल्यावर ओले कपडे बदला, पायांची बोटे कोरडी करा, गरम काहीतरी पोटात जाऊ द्या. माल मग पाहा. दोर टांगा, गोंडे फडक्यावर पसरा. मोडके, भिजके बैल लगेच पाण्यात टाकून मळायला घेऊ नका. अर्धवट ओली माती पाण्यात फुटत नाही, तिच्या गुठळ्या राहतात आणि हात दुखून येतात. ते बैल चार दिवस फळीवर पुरते वाळू द्या. मग रंग खरवडून काढा, तुकडे करा, बादलीत ठेवा आणि वरून पाणी ओता. घटकाभरात सगळे आपोआप विरून मऊ लगदा होईल. तो फडक्यातून गाळून, थोडा सुकवून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला की घटस्थापनेच्या आधी पणत्या करायला माती तयार.